तातोबानं कुठल्या थाटात यायचं

मोना,

तू बाजारातून येशील तेव्हा मी मुरगूडच्या एस.टी.त असेन. तातोबाला आणायला चाललोय, पण तो येईल की नाही सांगता येत नाही.

सकाळी त्याचा फोन आला होता. त्याच्या पंचाहत्तरीची तू छापलेली पत्रिका मिळाली म्हणाला. 'साठ वर्षांपूर्वीच्या थाटात या' हे वाचून हसत होता. "आरं, तवा मला तुमच्या घरच्या सोप्यात घेत न्हवते. मग त्या थाटात यायचं म्हंजे मी दारात बसू व्हय?" शाळेपासूनची आमची दोस्ती, आणि मी नुसतं "बघतो" म्हणून फोन ठेवला.

तू हौसेनं केलंस, तुला समोर सांगायला जीभ रेटेना. भाड्याचे फेटे, कंदील, ग्रामोफोन सगळं येऊन पडलंय, पाहुणेही निघाले असतील. आता यातलं काय बदलावं, मला कळत नाही.

तो आलाच तर नेहमीसारखा कोट-टाय घालून येईल. त्याला कुणी फेटा बांधायला जाऊ नये, एवढं फोटोवाल्यालाही सांगून ठेव.

नऊपर्यंत आम्ही आलो नाही तर सगळ्यांना वाढून घे. माझं ताट ठेवू नको. तातोबा मला जेवल्याशिवाय सोडायचा नाही.

अप्पा