पाणी किती, ते बाबांना विचारा

ती. ताईस, तुझ्या धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा हा कागदावरच घे).

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्काम ठोकून आहे? आम्ही इकडे बरे. बरे म्हणजे काय, जेवतो, झोपतो आणि एकमेकांवर खेकसतो. पत्र एवढ्यासाठी लिहितोय की हे फोनवर माझ्याच्याने बोलवणार नाही.

साहेबांनी जिल्ह्याच्या पूर-तयारीची तपासणी माझ्या गळ्यात घातली, हे तुला ठाऊक आहेच. शंभर प्रश्न, प्रत्येकासमोर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं. (‘असून नसल्यासारखं’ असाही एक रकाना हवा होता, अर्धी तपासणी तिथेच उरकली असती.) बचावाची बोट आहे, पण कोठारात कुलूपबंद. किल्ली कोठारवाल्याकडे आणि कोठारवाला राहतो नदीपलीकडे. म्हणजे पूर आला की तो बोटीत बसून बोटीची किल्ली आणणार! भोंगाही आहे, चांगला खणखणीत. दर सोमवारी अकराला चाचणी म्हणून वाजतो आणि लोक चहाला उठतात. भोंगा वाजला की सगळ्यांनी शाळेच्या गच्चीवर जमायचं, असा सराव मी मोठ्या हौसेने ठेवला, आणि या शहाण्याने मुहूर्त कोणता काढला? सोमवार, अकरा वाजता. अख्ख्या गावाने चहा घेतला. गच्चीवर मी एकटा, हातात हजेरीची वही. ‘उपस्थित: एक’ असं लिहून खाली उतरलो.

एकच गोष्ट अशी की मान डोलवावी. वरच्या पुलापाशी पाणी किती, तो आकडा रोज सकाळी सातला कार्यालयात हजर, सहा वर्षांत एक खाडा नाही. भोंगा वाजवायचा की नाही, ते त्यावरच ठरतं. साहेब म्हणाले, यंत्राची कमाल. मी यंत्र बघायला गेलो तर ते अजून खोक्यातच, आणि खोक्यावर फोन घेणाऱ्या कारकुनाचा जेवणाचा डबा. मग आकडा देतं कोण, असं विचारलं, तर कारकून चाचरत म्हणाला, तुमचे वडीलच की.

ताई, बाबांना पाणी मोजायच्या त्या नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली! यंत्र बसेपर्यंत थोडे दिवस सांभाळून घ्या, असं कुणीतरी म्हणालं असेल, आणि त्यांनी घेतलं सांभाळून. आपल्याला सांगायचे, फिरायला जातो. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप त्यांच्या मागे गेलो. पुलाखाली बघतो तर खांबावर मोजपट्टीच नाही. गेल्या पुरात वाहून गेली असणार, नुसते चार खिळे उरलेत. बाबा त्या कोऱ्या खांबासमोर ताठ उभे राहिले, चष्मा पुसला आणि काठी टेकत पायऱ्या उतरायला लागले. पाऊल पाण्यात पडेपर्यंत उतरले. पायऱ्या मोजत होते गं. मग वर येऊन त्यांनी फोनवर आकडा कळवला. मी चार हातांवर उभा होतो, त्यांना दिसलो नाही.

घरी विचारलं, तर आधी उखडले, माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय म्हणाले. मग म्हणाले, चार वर्षं पट्टी आईच वाचायची. ती आकडा सांगायची, हे फोन करायचे. कुणाला कळू द्यायचं नाही असं दोघांचं ठरलेलं. ती गेल्यापासून हे पायऱ्या मोजतात. मी नोंदवही काढून बघितली. आई गेली त्या दिवशीही सातला आकडा आलेला आहे. आपण दोघं दवाखान्याच्या बाकावर रडत बसलो होतो आणि बाबा अशा वेळी गेले कुठे म्हणून तू चिडली होतीस, आठवतंय?

खालच्या वस्तीतली दोन हजार माणसं या आकड्याच्या भरवशावर झोपतात. आणि पाणी खरंच चढेल तेव्हा हा माणूस ते पायाने चाचपत त्यात उतरणार. मी काय करायला हवं होतं, सांग. ‘पातळीची नोंद: नाही’ असं लिहिलं आणि सही केली. सहा वर्षं अडलेलं यंत्र दोन दिवसांत बसलं. पायऱ्यांना फाटक लागलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा आता सातला खुर्चीत फोन घेऊन बसतात. चहा निवून जातो. माझ्याशी बोलत नाहीत.

मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. हे पत्र भाऊजींना वाचून दाखवू नकोस. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आणखी ता. क. बोलत नाहीत म्हणालो, पण आत्ता बोलले. विचारलं, त्या यंत्राला पाण्याचा वास येतो का रे? थाप मारून मोकळा झालो, की यंत्रावर ताईचा विश्वास नाही, तिचं घर नदीच्या खालच्या अंगाला, तिला आकडा तुमच्याच तोंडून हवाय. तर आता तुझ्याकडे मागणं असं: उद्यापासून पावणेसातला मी त्यांना यंत्राचा आकडा सांगेन आणि सातला ते तुला फोन करतील. झोपली असलीस तरी उचल. आईने चार वर्षं केलं, आपण दोघं मिळून करू. आणि नुसतं हं हं करू नकोस, खरंच लिहून घे. कागदावर पेन चाललं नाही, तर त्यांना फोनवरसुद्धा कळतं.