कॅमेऱ्याला आवाज नव्हता

जळगाव,
१९ जून २०२५

जुबेदा,

अस्सलामु अलैकुम. तू, भाईजान, भाभी, सगळे धुळ्याला खुशाल असाल अशी दुआ करतो. इथे सगळं ठीक आहे. म्हणजे मांजर दोनदा दूध पिऊन गेली आणि सिलिंडर संपलं, बाकी ठीक.

अक्षर बाईचं दिसतंय म्हणून कागद फाडू नकोस. वरच्या मजल्यावरच्या कोकिळाताई लिहितायत. माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे, म्हणून मी सांगतो आणि त्या लिहितात. फोन तू उचलत नाहीस. आतिफला पुण्याला फोन केला तर तो म्हणतो, "अब्बा, तुमचं तुम्ही बघा." पोटच्या पोरानेच हात वर केल्यावर मी काय करणार?

दुकान रोज उघडतो. गिऱ्हाईक बरं आहे. हल्ली बायका बांगड्या भरून घेत नाहीत, पुडीत बांधून नेतात. नवी पद्धत निघालीय म्हणे.

तर, त्या दिवसाचं. दुकानात कॅमेरा आतिफने बसवला तो चोरांसाठी. मी जामनेरहून परत आलो आणि सहज मोबाइलवर बघत बसलो, तर त्यात शेहजाद! ज्याला मी बांगड्या भरायला शिकवलं, ज्याने आता असोद्याला स्वतःचं दुकान काढलंय आणि जो केसांना मेंदी लावून हिंडतो, तोच. तू त्याच्यासमोर बसून हात पुढे केलास. त्याने तो धरला. मान खाली घालून किती वेळ धरला! तू डोळे पुसलेस, मग हसलीस. मग त्याने तुला बांगड्या भरल्या. निळ्या.

मी ते अकरा वेळा पाहिलं. आवाज नव्हता, म्हणून तुमचं बोलणं मीच जुळवलं. कोकिळाताई लिहायचं थांबवून विचारतायत, "त्यात जुबेदा काय बोलली?" सांगायला लाज वाटते. "म्हाताऱ्याला कंटाळले," असं बोललीस.

पुढे मी गल्लीत उभा राहून काय ओरडलो ते तुला ठाऊक आहे, आणि ताई ते लिहायला तयार नाहीत. तू एवढंच म्हणालीस, "तीस वर्षं तुम्ही गावच्या बायकांचे हात धरले. मी कधी विचारलं?" मी म्हटलं, तो धंदा आहे. तू पिशवी भरलीस आणि गेलीस.

मला वाटलं, धुळ्याचं नाव सांगून तू असोद्यालाच गेलीस. मी मागोमाग बस पकडली. शेहजादच्या दुकानात बांगड्यांच्या माळा टांगल्यात, त्यांच्यामागे लपलो. बुरख्यातली एक बाई आली आणि तिने हात पुढे केला. मी "जुबेदा!" म्हणून झेप घेतली. माळा माझ्या गळ्यात, मी जमिनीवर, आणि ती निघाली शेहजादची सासू. तिने हातातली पिशवी माझ्या डोक्यात घातली. पिशवीत केळी होती म्हणून वाचलो. सगळं असोदं हसलं. तूही हस, तुला हक्क आहे.

शेहजादने मला उचललं, पाणी दिलं. म्हणाला, "उस्ताद, चाचीच्या मनगटात काच होती. मी ती सुईने काढत होतो."

जुबेदा, चष्म्याची काडी शाबूत आहे.

ईदच्या आदल्या दिवशी तुला भरताना बांगडी फुटली, तेव्हा मी म्हणालो, माल कच्चा निघाला. माल कच्चा नव्हता. माझा हात कापतो. वर्ष होत आलं. चहा अर्धा कप मागायचो तो ॲसिडिटीमुळे नाही. तू "काही लागलं नाही" म्हणत ओढणी मनगटावर ओढलीस, आणि मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं.

पुडीची पद्धतही काही नवी नाही. पारोळ्याच्या लताबाई दर सणाला माझ्याकडेच भरतात. या वेळी हात मागे घेऊन म्हणाल्या, "चाचा, ऱ्हाऊ द्या. पुडीमा बांधी द्या, मी घर भरी लिसू." त्यांनी प्रेमाने म्हटलं. मी पुडी बांधली. दोऱ्याची गाठ बसेना, तीसुद्धा त्यांनीच बांधली.

तू शेहजादला मंगळवारी आणि शनिवारी दुकानात ये म्हणालीस, असं तो सांगतो. "उस्तादांना भेटायला आलो म्हण, आणि गिऱ्हाईक तू बघ. त्यांना कळू देऊ नकोस." त्या दिवशी गल्लीत एक वाक्य बोलली असतीस तर सुटली असतीस. पण ते वाक्य माझ्या हाताबद्दलचं होतं. चार लोकांत ते नको म्हणून तू माझे घाणेरडे शब्द ऐकून घेतलेस.

डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. मला दुसरं काही येत नाही गं. काय करू, मला काही सुचत नाही. न्यायला येऊ म्हटलं तर भाईजान दारात उभं करतील की नाही, तेही कळत नाही. तू माफ करशील का, हे विचारायची हिंमत होत नाही, तरी विचारतो.

त्या निळ्या बांगड्या तू काढून गल्ल्याशेजारी ठेवून गेलीस. हात रिकामा ठेवू नकोस. धुळ्यात कोणाकडूनही भरून घे. माप सव्वादोन सांग. उजव्या अंगठ्याखालचं हाड तुझं जरा मोठं आहे, तिथे घाई करू नको म्हणावं. हात कोणी धरला, ते मी विचारणार नाही.

ताईंनी आता पेन माझ्याकडे दिलंय. खालचं नाव मी लिहितोय. वाचता आलं नाही, तरी ते माझंच आहे.

तुझा,
इ सा क