तुझ्या नावाची सही

बातू पाहात,
१४ मार्च २०१७

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. परवा मी तोंड उघडायच्या आत 'कर गं सही, माझं मी बघते' म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. अशी कशी करू सही? बावीस वर्षं तुझं नाव लावून फिरतेय, तेवढं पुरे नाही का झालं? आता शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जाऊ नकोस.

गेले चार महिने आमच्या ह्यांना एकच ध्यास लागलाय. इथे परदेशी माणसाचं लाल कार्ड असलं की दर पाच वर्षांनी मुक्काम वाढवून घ्यावा लागतो आणि दर वेळी नवऱ्याची सही लागते. छातीत जाळी बसवल्यापासून मिसबाहच्या डोक्यात बसलंय, मी गेलो तर हिच्यासाठी सही कोण करणार? शाळेची बस लावून दुपारी घरी आले की हात धुवायच्या आधी ती फाइल उघडतात. निकाहाचा दाखला, पासपोर्टच्या पानापानाची झेरॉक्स, लेकीचा, अफिफाचा, जन्मदाखला, सगळं तारखेवार. 'तुला निळं कार्ड, इथलं नागरिकत्व, मिळवून दिल्याशिवाय मी मरणार नाही,' म्हणतात. मी म्हणते, मग नकाच मिळवून देऊ, जगाल तरी! ते हसतात. मी मात्र फाइलीकडे बघायचं टाळते, कारण तिच्यावर त्यांनी वळणदार अक्षरात नाव घातलंय, सुमार्सी. घरातही मला त्याच नावाने हाक मारतात. लग्नाच्या पहिल्या महिन्यात दोन-तीनदा मी ओ दिली नाही, तर त्यांच्या आईला म्हणाले, 'बायको जरा बहिरी दिसते.'

तो दिवस आठवतो ना गं? तुझा पासपोर्ट तयार, तू एकवीसची, दोन वर्षांच्या कामावर इकडे यायला आठ दिवस उरलेले, आणि तू विषमज्वराने चटईवर पडलेली. दलाल दारातूनच बापांना म्हणाला, 'त्यात काय, तोंडवळा सारखाच आहे. धाकटीला पाठवा. पंधराची असली म्हणून काय झालं, कागदावर एकवीसचीच आहे की.' बापा खाली मान घालून बसले, आई आत निघून गेली. आणि तू तापात उठलीस, माझे केस तुझ्यासारखे विंचरलेस आणि म्हणालीस, 'आजपासून तू सुमार्सी. झोपेतसुद्धा चुकू नकोस.' मला वाटलं, शेजारणीची चांगली साडी लग्नापुरती आणावी तसं हे नाव, दोन वर्षांत धुऊन घडी करून परत देईन. इथे मिसबाह भेटतील, मूल होईल, हे कुठे ठाऊक होतं? तिकडे धाकटी कुठे गेली असं कोणी विचारू नये म्हणून बापांनी नव्या कुटुंबपत्रिकेत माझं नावच घातलं नाही. त्यांच्यावर राग नाही माझा. होता, आता नाही. पण गावच्या दप्तरात पोनिती नावाची मुलगी कधी जन्मलीच नाही, हे खरं आहे.

गेल्या महिन्यात आम्ही नागरिकत्वाच्या शपथेच्या कागदांसाठी कचेरीत गेलो. एकामागून एक सह्या केल्या मी, खोटं लिहून लिहून हात सरावलाय. शेवटचा कागद पुढे आला. 'मी, कार्तो यांची मुलगी सुमार्सी, माझं इंडोनेशियाचं नागरिकत्व सोडत आहे.' ताई, माझं पेन तिथेच थांबलं. ते नागरिकत्व माझं कुठे होतं सोडायला? ते तुझं. अकरा वर्षं तू आणि कासिरान दाजी हजच्या यादीत नाव घालून बसलाय, पुढच्या वर्षी नंबर लागणार, पासपोर्टला बोटांचे ठसे द्यावे लागणार. या नावाची बाई परदेशी झाली म्हटल्यावर तुला पासपोर्ट कोण देणार? तू आपल्याच गावात, आपल्याच चुलीपुढे बसून परकी होशील, आणि तुला परकी केलं कोणी, तर मी. समोरचा अधिकारी म्हणाला, 'काकू, पेन चालत नाही का?' मी जरा जाऊन येते म्हणून उठले ती थेट बस थांब्यावर जाऊन बसले. हे शोधत आले तेव्हा चक्कर आली म्हणून सांगितलं.

मग तुला फोन केला आणि तू काय म्हणालीस? 'काबा काय, डोळे मिटले की इथूनही दिसतो.' खरं सांगू, मला रडू नाही आलं, राग आला. नेहमी तूच का द्यायचं? जरा तरी हावरट हो की!

गेल्या मंगळवारी मी ह्यांना सगळं सांगून टाकलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चहासुद्धा बाहेर, कोपऱ्यावरच्या दुकानात. तिसऱ्या दिवशी मी टेंपेसाठी उकडलेलं सोयाबीन पानात बांधत होते, तर समोर येऊन बसले. म्हणाले, 'काझी म्हणाले होते, कार्तोच्या मुलीशी, सुमार्सीशी तुझा निकाह लावतो. मी म्हणालो, कबूल. मग तू माझी कोण?' मी बांधलेलं पान सोडून पुन्हा बांधायला घेतलं. तेच पुढे म्हणाले, 'म्हणजे माझी बायको अठरा वर्षं तिकडे त्या कासिरानच्या घरी नांदतेय तर.' हसावं की रडावं कळेना. मग विचारलं, 'नाव काय तुझं?' अठरा वर्षांच्या नवऱ्याला मी माझं नाव सांगितलं, आणि ते माझ्याच तोंडातून धड फुटेना. म्हणाले, 'काझींना विचारून येतो. पुन्हा लावावा लागला निकाह तर लावू. पण या वयात नवरदेव व्हायचं तर पोट आत घ्यावं लागणार.' अजून पुरते निवळले नाहीत हं. रात्री पाठ करून झोपतात. हाक मारायची वेळ आली की थबकतात आणि नुसतं 'अगं' म्हणतात. पण फाइलीतले चार महिन्यांचे कागद त्यांनी स्वतःच फाडले.

काल आम्ही जोहोर बारूला आपल्या वकिलातीत जाऊन आलो. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'तुम्ही सुमार्सी नाही हे तुम्ही सांगितलंत. पण मग तुम्ही कोण, हे कोण सांगणार?' जन्मापासून ओळखणारं माणूस हवं, त्याने गावप्रमुखासमोर शपथेवर सांगायला हवं. आई गेली, बापा गेले, सुईणही गेली. उरलीस तू एकटी. म्हणून हे पत्र लिहितेय, ताई. भीती वाटते मला, हे लपवत नाही. माझं लाल कार्ड जाऊ शकतं, मला इथून काढतील कदाचित, अफिफाची शाळा, ह्यांचं दुखणं, सगळं इथेच राहील. तुलाही विचारतील की तुझे कागद दुसरीकडे गेलेच कसे, आणि त्या चौकशीत तुझा नंबरही लांबेल कदाचित. मला माहीत आहे, मला वाचवायला तू सरळ खोटं बोलशील, 'तिकडे आहे तीच खरी सुमार्सी, मी कोणी नाही' म्हणशील. तसं बोललीस तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. माणसं चौकशीला येतील तेव्हा ताठ उभी राहा आणि सांग, सुमार्सी मी आहे. आणि आम्ही दोघी होतो. धाकटी पोनिती, माझ्या पाठची, माझ्याच चटईवर झोपायची. ती जिवंत आहे. एवढं सांगशील ना गं? हे सांगणारं जगात दुसरं कोणी नाही मला.

तुझीच धाकटी,
पोनिती