राणीच्या चेहऱ्यावर चिकटवलेले कागद

मी, नवल जीवराम बोरसे, वय ७६, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा धाक नाही. धाक दाखवणारे एकच होते, नेमीचंद शेठ, ते गेले.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी भागाबाई हिची. माझे पुतणे आले तर तिने त्यांना ओट्यावर चहा द्यावा, आत घेऊ नये. दवाखान्यात असताना कोणी फिरकले नाही.

२. बावीस वर्षे शेठच्या चित्रकथा मासिकाचे संपादन मी केले. गोष्ट निवडणे, चित्रकाराच्या पानावर निळ्या पेन्सिलीने खुणा करणे, फुग्यांतले संवाद लिहिणे, न आवडलेल्या चित्रावर नवे चित्र चिकटवणे, सगळे माझे. आत संपादक म्हणून नाव मात्र शेठचे. आता त्यांचा नातू जिनेश जुन्या अंकांचे जाडजूड पुस्तक काढतो आहे आणि प्रस्तावनेत आजोबांच्या 'संपादकीय नजरे'चे गोडवे गातो आहे. माझ्या निळ्या पेन्सिली त्याला द्याव्यात. आजोबांनी एकही कधी हातात धरली नव्हती.

३. लोखंडी पेटीत 'रानची राणी' या चित्रकथेची चौसष्ट मूळ पाने आहेत. छापखाना बंद झाला तेव्हा शेठनी ती रद्दीत काढली, त्यांना विचारून मी घरी आणली. जिनेश तीनदा मागून गेला. त्याला देऊ नयेत. ती चित्रकार कै. धनसिंग यांची मुलगी दिपमाला, राहणार दोंडाईचा, हिला द्यावीत.

कारण असे. १९८६ साली धनसिंगची बायको ताईबाई काविळीने गेली. दिपमाला तेव्हा दोन वर्षांची. पुढच्या महिन्यात त्याने ही पाने आणली. राणीचे नाक बसके, हनुवटीवर गोंदण. मी म्हणालो, राणी अशी नसते. तो म्हणाला, "भाऊ, बठ्ठं बदला, पण तिनं तोंड राहू द्या. ती मनी ताईबाई शे." सगळे बदला, पण माझ्या ताईबाईचा चेहरा तेवढा राहू द्या, एवढेच त्याचे मागणे. मी ऐकले नाही. यात शेठचा हात होता असे लिहायला मला आवडले असते, पण नव्हता. दुसऱ्याकडून नाकेले चेहरे काढून घेतले आणि पानोपानी मीच डिंकाने चिकटवले. अंक धनसिंगने पाहिला. पुन्हा आमच्याकडे आला नाही, दुकानांच्या पाट्या रंगवीत राहिला.

गेल्या दिवाळीत दिपमाला आली होती. "काका, आईचा फोटो कुठेच नाही. बाबांनी कधी तिचं चित्र काढलं होतं का?" मी नाही म्हणालो. पेटी माझ्याच खाटेखाली होती. लाज वाटली म्हणून खोटे बोललो.

४. दिपमालाने कोमट पाण्यात भिजवलेला कापूस कागदाच्या कडेला धरावा, ओढू नये. डिंक सुटतो, खालची शाई पक्की आहे. जिनेशला छापायचे तर तिच्या परवानगीने आणि खालच्या चेहऱ्यानेच छापावे. माझे नाव कुठेही घालू नये. आयुष्यभर त्यासाठी जळलो, आता नको.

मी एकच कागद सोडवून पाहिला, पान अकरा. ताईबाई हसते आहे. तिच्या खांद्यावर झोपलेले मूलही त्याच कागदाखाली निघाले. तेही झाकल्याचे मी विसरलो होतो. दिपमाला, ती तू आहेस.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. त्यांच्यादेखत सही केली.

(सही) नवल जीवराम बोरसे

साक्षीदार:
१. (सही) भाईदास उखर्डू महाले, शेजारी
२. (सही) शेवंताबाई भिका वाघ, निवृत्त शिक्षिका

धुळे, दि. १४ फेब्रुवारी २०२५