चौथ्या वळणाचं गाणं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज भर चौकात गाडी बंद पडली. पडली कसली — पाडली. मी नव्हे, ह्यांनी!

मी नीट दुसऱ्या गिअरमध्ये होते. हे शेजारून 'ब्रेक! अगं ब्रेक!' असे कडाडले की माझे दोन्ही पाय गोंधळले. मागे भोंग्यांचा गोंगाट. शेवटी मागच्या टेम्पोवाल्याने उतरून गाडी कडेला लावून दिली आणि किल्ली ह्यांच्या हातात ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो राग अजून गेलेला नाही.

काचबिंदूमुळे डॉक्टरांनी ह्यांचं गाडी चालवणं बंद केलं, त्याला दोन महिने झाले. चौतीस वर्षं चाक हातात असलेला माणूस. कळतं मला. पण म्हणून माझ्या शेजारी बसून तोंडाने चालवायची?

अठराला ऑपरेशन, लेकीच्या गावी. चार तासांचा रस्ता, मध्ये घाट. हे म्हणतात, ड्रायव्हर बोलावू. मी म्हटलं, मी नेणार. म्हणाले, 'बघू.'

'बघू' म्हणजे नाही. बत्तीस वर्षं ऐकतेय.

५ ऑक्टोबर

शोध लागला! भाजी घेऊन येताना गाडीतल्या रेडिओवर ह्यांचं लाडकं द्वंद्वगीत लागलं. हे दोन्ही आवाजांत गायले. मधलं संगीतसुद्धा तोंडाने वाजवलं. अख्खा उड्डाणपूल पार झाला आणि एक सूचना नाही.

गाणाऱ्या तोंडाला 'ब्रेक' म्हणता येत नाही!

बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी लावलं. एकोणतीस शिक्षक, त्यांतले चार एकमेकांचं तोंड न बघणारे. एक नवरा काय जड आहे?

६ ऑक्टोबर

लेकीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये नऊशेच्या वर गाणी आहेत. निम्म्यांची नावं नुसती 'ट्रॅक ०७' अशी. एकेक ऐकून नाव देतेय. ह्यांना शब्द येत नाहीत ती बाद. मध्ये लांबलचक सतार वाजते ती पण बाद — तेवढ्यात गिअरवर बोलून घेतील.

८ ऑक्टोबर

बसने लेकीकडे जाऊन आले. तिला वाटलं, आईला आठवण आली. आलीच होती, पण मांडीवर वही आणि हातात घड्याळही होतं. कुठे सरळ रस्ता, कुठे गर्दीचं गाव, सगळं मिनिटांनिशी टिपलं. घाटात वळणं सात. त्यांतलं चौथं वाईट, समोरचं काही दिसत नाही. तिथे हे कुणाच्याही गाडीत बसले तरी ओरडतात.

शेजारच्या बाईंनी विचारलं, सर्व्हे करताय का? म्हटलं, हो.

१० ऑक्टोबर

फजिती. बेचाळीस गाणी निवडली, नावापुढे सुरेख आकडे घातले, सगळी एका झटक्यात पेनड्राइव्हवर टाकली. गाडीत लावलं तर पहिलं वाजलं एकोणिसावं! मग सातवं. मग तिसावं. घाटातली गाणी घराच्या फाटकातच संपली.

११ ऑक्टोबर

जमलं!!

सकाळभर गाडीत बसून नुसतं ऐकलं आणि लिहून काढलं. आपला टेप आकडे वाचतच नाही. जे गाणं आधी भरलं ते आधी, नंतर भरलं ते नंतर. एकदम टाकली की कुठलं आधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणजे पेनड्राइव्ह पुसायचा आणि एकेक गाणं हाताने भरायचं. मध्ये एखादं घुसवायचं म्हटलं तरी पुन्हा एकपासून सगळं.

बेचाळीस वेळा केलं. पाठ खिळखिळी झाली, पण क्रम चोख! दोन फोल्डर — एक घरापासून चहाच्या थांब्यापर्यंत, दुसरा घाटाचा. हे कुणी मला शिकवलेलं नाही. माझं मी शोधलं. इथे तरी लिहून ठेवते, कारण सांगणार कुणाला?

१२ ऑक्टोबर

गाण्यांची यादी सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवली, शेजारी रस्ता. 'वळण ४ — इथे ओरडतात' तेही लिहिलं. कागद गाडीच्या खणात, गाडीच्या कागदपत्रांखाली. तिथे कोण बघतंय!

१५ ऑक्टोबर

ह्यांना आंघोळीला हल्ली पाऊण तास लागतो. आत कसली तरी पुटपुट चालते. ऑपरेशनची भीती वाटत असणार. विचारलं तर म्हणाले, काही नाही. ड्रायव्हरचा विषय मात्र काढत नाहीत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पोचलो. मी आणलं! मी!!

पहिला फोल्डर ठरल्याबरहुकूम. हे गातायत, मी चालवतेय. गर्दीच्या गावात एक बैल आडवा आला तेव्हा ह्यांचा पाय जमिनीवर दाबला गेलेला दिसला, पण तोंडात गाणंच होतं. नववं गाणं निवडतानाच मला धाकधूक होती, त्याचं दुसरं कडवं अवघड. पठ्ठ्याने ते घडाघडा म्हटलं.

घाटात तिसऱ्या वळणाला चाक खड्ड्यात आदळलं आणि टेप मुका झाला. पुढे चौथं वळण, आणि गाडीत शांतता! आता ओरडणार, आता माझे पाय गोंधळणार.

ओरडले नाहीत. खाकरले आणि गाऊ लागले. तेहेतिसावं! यादीत पुढे तेच होतं. योगायोग म्हणते मी, पण काय वेळेवर आला. मी गिअर टाकला, वळण घेतलं, समोरून ट्रक आला त्याला जागा दिली. सातव्या वळणापर्यंत हे एकटेच गात होते, आवाज जरा कापत होता.

दारात लेकीला म्हणाले, 'तुझ्या आईने आणलं. एकदाही बंद पडली नाही.' असं सांगत होते की जणू गाडी त्यांनीच जन्माला घातली. आणि मला इतका आनंद झाला की चप्पल घालूनच स्वयंपाकघरात गेले.

१९ ऑक्टोबर, रविवार

ऑपरेशन नीट झालं. ह्यांना काळा चष्मा हवा होता, तो काढायला गाडीचा खण उघडला. माझी यादी सगळ्यात वर होती. त्यावर पेन्सिलीने, ओळी सोडून वाकडं गेलेलं ह्यांचं अक्षर. तारीख तेरा.

नवव्याच्या पुढे — 'दुसरं कडवं येत नाही. पाठ करतो.'

चौथ्या वळणाशी — 'इथे ओरडतो हे खरं. एकाने भागणार नाही. दोन लाव.'

बुधवारी परत निघायचं. सातांतलं चौथं परततानाही चौथंच. टेपची सुटलेली वायर लेकीने बसवून दिली, लॅपटॉप मी बरोबर आणलाच होता. पेनड्राइव्ह पुसला. पुन्हा एकपासून भरतेय.