दादाची खूण

रविवार, ९ मार्च

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तिला हवा तेव्हाच दुखतो. आज तुझ्याकडे यायचं म्हटल्यावर टुणटुणीत आहे. हे पाकीट तिच्याच हाती देतेय. फोनवर तू सगळं थट्टेवारी नेतोस, म्हणून पत्र.

आमच्या तपासणी केंद्रात नवीन खुर्ची आलीय. पायलट बसला की त्याचा श्वास, नाडी आपोआप टिपते. पुढे विमानांतही बसवणार म्हणे. पायलटला भोवळ यायच्या आधी विमानालाच कळेल. काल रात्रभर तीच खुर्ची डोळ्यांसमोर होती. सकाळी दोनदा चहा उतू गेला. मी उगाच इकडचं तिकडचं लिहितेय.

आमचं चेंबर आठवतं ना? आतली हवा विरळ करत नेतो, मी काचेबाहेर बसते. प्राणवायू कमी पडला की प्रत्येकाची खूण वेगळी. कुणाला घाम फुटतो, कुणी चिडतं. तू डावा कान ओढतोस आणि उगाच हसतोस. दरवेळी तेच. नव्या पोरांना तूच दटावतोस, "आपली खूण दिसली की शहाणपणा नको, आधी मास्क."

काल आमची लिफ्ट बंद होती. पिशव्या घेऊन तू तीन जिने चढलास, दाराला टेकलास, कान ओढलास आणि हसलास.

"काय झालं रे?"

"काही नाही गं, म्हातारा झालो."

घड्याळ बघायच्या मिषानं मी तुझं मनगट धरलं. नाडी अडखळत होती. तू हात सोडवून घेतलास. "घरात डॉक्टरकी नको हं." म्हणजे तुला माहीत आहे.

मला तुझा राग आलाय, दादा. आणि भीती वाटतेय. लायसन्स जाईल म्हणून लपवतोयस, हे न कळायला मी काय परकी आहे? उडणं थांबलं तर तू घरात कसा राहशील, या विचारानं माझाच जीव वरखाली होतोय. पण तुझ्या पाठीमागे दीडशे माणसं बसलेली असतात. बरे होऊन परत उडणारे मी पाहिलेत. तुझंही तसंच होईल, असं वचन मात्र देत नाही.

मंगळवारी तुझं उड्डाण आहे. सख्ख्या भावाची तपासणी मला करता येत नाही, शेजारच्या खोलीतले सर करतील. उद्या सकाळी केंद्रात ये आणि त्यांना स्वतःच्या तोंडानं सांग. मी दाराबाहेर बसेन. दुपारपर्यंत आला नाहीस, तर मी आत जाऊन सांगेन. मग माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, चालेल.

आत्ताही कान ओढत असशील. आधी मास्क, दादा.

काचेबाहेर बसलेली,
तुझी धाकटी