उजव्या बाजूचं मेडल

हर्षल पोट्ट्या,

हे पत्र पाठवाले तुझा पत्ता उरला नाही, तरी लिहून राहिलो.

काल तेलीबांध्याले आमच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये विजय दिवस झाला. वीस वर्षं मी तिथं मागच्या रांगेत बसलो. सुभेदार निषाद साहेब दरसाली माझ्यावर ओरडत, "हवलदार, पेट अंदर!" अन् सारे हसत.

यंदा माझे मेडल डावीकडे होते अन् तुझं उजवीकडे. गेलेल्याचं मेडल घरच्यानं उजवीकडे लावायचं असते. सेक्रेटरीनं ते पाहिलं अन् हात धरून मले पुढच्या सोफ्यावर, शहिदांच्या घरच्यांत बसवलं. निषाद साहेब समोर आले अन् त्यायनं मले सॅल्यूट ठोकला. सुभेदारानं, हवालदाराले!

मले रागच आला. कार्यक्रम संपल्यावर मी मागं गेलो, त्यायच्यापुढं सावधान उभा राहिलो अन् मुद्दाम पोट बाहेर काढलं. म्हटलं, "साहब, डांटो ना."

त्यायनं ओरडाले तोंड उघडलं, अन् पुन्हा सॅल्यूटच ठोकला.

मागच्या रांगेतला,
तुझा बाबा
रामकृष्ण भोयर